धुरपदाजिजींचे ग्रहण

धुरपदाजिजी तळमजल्यावर राहत आणि राज्य तिन्ही मजल्यांवर करत. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची असे. तिच्या एका पायाला सुतळी गुंडाळलेली होती आणि त्या हलल्या की तो पाय फरशीवर कुरकुरे. डिंडोलीतल्या, गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या त्या इमारतीत वर जायला दुसरी वाट नव्हती. बाजारातून परतणारी प्रत्येक बाई त्या कुरकुरीपाशी थांबे, पिशवी उघडून दाखवी आणि मगच पायरी चढे.

मी तिथे राहायला गेले त्याच आठवड्यात माझी झडती झाली.

"काय आनं?"

"वांगी."

"दखाड."

त्यांनी एक वांगे उचलले, अंगठ्याने दाबले, कानाशी नेऊन हलवले. मिसरीने काळे पडलेले दात क्षणभर दिसले. "कोनी ठगं तुले? बियाच बिया शेतस यामा. जाऊ दे बाई, माले कोन इचारस!"

मला कोण विचारते, हे त्यांचे पालुपद होते. हुकूम सोडून झाला की त्यावर हे वाक्य त्या झाकणासारखे ठेवत. टाकीचे पाणी कोणी कधी सोडायचे, कोणाच्या मुलीने ओढणीशिवाय खाली यायचे नाही, अमावस्येला कोणी केस धुवायचे नाहीत, हे सारे त्या ठरवत आणि मग खिन्नपणे म्हणत, माले कोन इचारस. माझे माहेर नगरकडचे. त्यांची अहिराणी माझ्या कानांत हळूहळू उतरली, पण हे एक वाक्य पहिल्याच दिवशी कळले, आणि त्यातला खोटेपणाही. त्या मला कधी आवडल्या नाहीत. त्यांनाही मी आवडत नव्हते. शाळेत शिकवणारी, संध्याकाळी गच्चीवर पुस्तक घेऊन बसणारी, उपासतापासाचे नाव न काढणारी बाई त्यांच्या जिन्यावर म्हणजे भातातला खडाच होती.

त्यांचे नाक विलक्षण होते. पांडेसऱ्याच्या गिरण्यांकडून वारा आला की सगळ्या वस्तीवर रंगाचा आणि उकळत्या खळीचा जड वास पसरे. आम्हा बाकीच्यांना त्यापलीकडचे काही कळत नसे. जिजी मात्र त्या वासातूनही तिसऱ्या मजल्यावरची फोडणी ओळखत. "वर कोनी लसूण जाळा?" असा पुकारा खालून झाला की वरची बाई खरोखरच कढई उतरवत असे. अशा संवेदना एखाद्या कवीला मिळाल्या असत्या तर त्याने त्यांचे सोने केले असते. जिजींनी त्यांची पोलीस चौकी केली.

पण या सगळ्यामुळे मी त्यांचा द्वेष केला नसता. अशा बायका गल्लोगल्ली असतात. मी त्यांचा द्वेष केला तो रिद्धीमुळे.

रिद्धी त्यांची नात. गिरणीत कापडाचा लूम चालवणाऱ्या त्यांच्या मुलाची, संजयची, आणि सून मनीषाची मुलगी. तिच्या वरच्या ओठावर, नाकाच्या उजव्या भोकापासून खाली, एक पातळ चकचकीत व्रण होता. ओठ फाटलेला घेऊन ती जन्मली होती आणि काही महिन्यांची असताना तो शिवला गेला होता. काम सुबक झाले होते. प्रकाश आडवा पडला तरच ती रेघ दिसे. ती दिसावी म्हणून जिजी स्वतः कष्ट घेत. गॅसचा सिलिंडर आणणारा असो, गावाहून आलेला पाहुणा असो की नवी भाडेकरीण, जिजी रिद्धीला जवळ ओढत, दोन बोटांनी तिची हनुवटी वर उचलत आणि तोंड उजेडाकडे वळवत.

"हाई आमनी गिऱ्हाननी पोर. मायनी भेंड्या काप्यात, पोरना व्होट फाटना."

हकीकत अशी सांगितली जाई. रिद्धी पोटात होती त्या वर्षी चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या संध्याकाळी, चंद्र ग्रासलेलाच उगवला होता. नवी नवरी मनीषा त्या वेळी स्वयंपाकघरात भेंड्या चिरत बसली होती. गर्भारशीने ग्रहणात सुरी धरली, आणि सुरी पोटातल्या ओठावरून फिरली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मनीषाला समोर बसवून समजावले होते की बाळाच्या ओठाचे दोन्ही भाग पहिल्या काही आठवड्यांतच जुळतात, कधी कधी ते जुळत नाहीत, आणि त्यात सुरीचाही दोष नसतो आणि चंद्राचाही. मनीषाने घरी येऊन ते सांगितले. जिजींनी मिसरीची चूळ भरली आणि म्हणाल्या, "डाक्टर दिवसना दखस. रातनं त्याले काय मालूम?"

मनीषाने तो विषय पुन्हा काढला नाही. पाठ किंचित वाकवून, पावलांचा आवाज न करता ती घरात फिरे. जिजी हनुवटी उचलून नात दाखवत तेव्हा ती आतल्या दाराशी उभी असे आणि तिचा हात नकळत स्वतःच्या ओठावर जाई. एकदा मला म्हणाली, "ताई, माले दुसरं काहीच नको. ज्यास्ना समोर सांगतीस ना त्या, त्यास्नाच समोर येक डाव म्हनू देत, मनीषानी काही करं नव्हतं. बस."

एवढेच तिला हवे होते. मागणी लहान होती, आणि माझ्या मते जिजींना ती परवडण्याजोगी होती.

इथे एक गोष्ट नोंदवली नाही तर माझे लिखाण अप्रामाणिक ठरेल. टाळूतही फट होती, त्यामुळे जन्मल्यावर रिद्धीला स्तन धरता येत नव्हता. दूध नाकातून येई आणि मूल निळे पडे. मनीषा रडून रडून आजारी पडली. त्या दिवसांत जिजींनी ते पोर मांडीवर घेतले. बोंडल्याच्या चोचीतून दुधाचा एकेक थेंब, पोराची मान बरोबर तिरपी धरून, रात्रंदिवस. डोळा लागू नये म्हणून त्या ओव्या म्हणत आणि आवाज बसला की नुसत्या हुंकारत. शेजारणी सांगतात की डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी जेवढे वजन सांगितले होते, त्याहून भरलेले मूल जिजींनी त्यांच्यापुढे ठेवले. हे खरे आहे. ती मुलगी त्यांच्यामुळे जगली. आणि त्याच मांडीवर बसवून त्यांनी तिला तिच्या आईचा गुन्हा शिकवला, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टींची वजाबाकी मला आजतागायत जमलेली नाही.

मनीषाला पुन्हा दिवस गेले. सहावा महिना चालू असताना कार्तिकी पौर्णिमा आली, आणि त्या पौर्णिमेलाही चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. पंचांगात अशा ग्रहणाला ग्रस्तोदित म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. उगवणे आणि गिळले जाणे त्यात एकाच दमात येते.

रिद्धी तेव्हा दुसरीत होती. शाळेतून काहीतरी ऐकून ती माझ्याकडे आली. "टीचर, ग्रहण घरून दिसतं? चष्मा लागतो?"

मी तिला सांगितले की काळा चष्मा सूर्यासाठी असतो, चंद्राकडे उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. खालून काही दिसणार नाही, समोरची इमारत आड येईल. गच्चीवर जायचे, पूर्वेच्या कठड्याशी, कडोदऱ्याकडे तोंड करून. सूर्य मावळला की लगेच. चंद्र अगदी खाली असेल, धुरकट असेल, कदाचित आधी सापडणारच नाही. ढळत्या उजेडात तो कागदासारखा फिका असतो, म्हणून नजर घरांच्या कडेवर ठेवून थांबायचे. आणि उशीर करायचा नाही, कारण तो वर येईतो ग्रहण सुटतच आले असेल. थोडा वेळ त्याचा घास घेतलेला दिसेल, मग तो भरून येईल.

"मग तो पूर्ण होऊन जाणार?"

"पूर्ण होणार."

ती धावत खाली गेली आणि हे सगळे जिजींना सांगून बसली.

ग्रहणाच्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा तळमजल्याचे दार उघडे होते. दूध-लोणच्यांवर तुळशीची पाने पडली होती. उंबऱ्यावर गेरूची ओली रेघ ओढलेली होती. पावसाळ्यातल्या मातीसारखा तिचा वास जिन्यापर्यंत आला होता. आत सतरंजीवर मनीषा उताणी निजलेली होती, हातपाय सरळ, कारण गर्भारशीने ग्रहणात अंग मुडपू नये. जिजी तिच्या पोटावर गेरूचे बोट फिरवत होत्या. कोपऱ्यात रिद्धी भिंतीला टेकून बसली होती, गाल फुगवून. शेजारची एक बाई तुळशीची पाने मागायला आली होती, ती उंबऱ्याबाहेर उभी. जिजींना श्रोता मिळाला.

"येक तं फाडं हिनी," पोटावरचे बोट न थांबवता त्या म्हणाल्या. "आते याले तरी धड ऱ्हाऊ दे, माय."

मनीषाने छताकडून नजर काढली. प्रथम तिने रिद्धीकडे पाहिले. मग तिने जिजींचा हात मनगटाशी धरून पोटावरून बाजूला ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. उठली. स्वयंपाकघरात गेली आणि परातीत भेंड्या घेऊन बाहेर आली. भेंड्यांवर सुरी आडवी ठेवलेली होती.

"रिद्धी, चाल वर."

गेरूच्या रेघेवर तिचा पाय पडला. रेघ फरकटली. माझ्या शेजारून ती जिना चढू लागली आणि तिच्यामागे रिद्धी. लाल टाचेचे ठसे पायऱ्यांवर उमटत गेले.

"मनीषा! ये मनीषा! मरी जाशी!" जिजी घाईने बाहेर आल्या तशी जिन्यापाशी खुर्ची उलटली. त्या गच्चीपर्यंत कधी येत नसत, गुडघे साथ देत नसत. त्या दिवशी त्या आल्या. प्रत्येक पायरीला एक शिवी देत, कठड्याला धरून, धापा टाकत. मी त्यांच्यामागे होते. हात द्यावा असे मला एकदाही वाटले नाही.

गच्चीवर दोन-चार बायका होत्या, वाळलेले कपडे काढण्याच्या निमित्ताने थांबलेल्या. पूर्वेकडे आकाश शिळ्या राखेच्या रंगाचे झाले होते. लूमची खटखट दूरवरून, एका लयीत, पायांखालून येत होती. मनीषा कठड्याला पाठ टेकून बसली, परात मांडीवर घेतली आणि चिरू लागली. भेंडीचे देठ तुटण्याचा तो ओला, बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

जिजी दारातून बाहेर आल्या आणि त्यांनी पदराने सगळे तोंड झाकून घेतले. ग्रहण दृष्टीला पडू नये म्हणून. तशाच, चेहरा नसलेल्या, त्या ओरडत राहिल्या. "सुरी ठेव! लोकेस्नी देखा रे हाई! मना वंशवर उठनी हाई!"

"कोनावर वरडतस जिजी? मी आठे शे," मनीषा म्हणाली. जिजींचे तोंड पाण्याच्या टाकीकडे होते. एक बाई हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

"वरडा. पन येक सांगा. रिद्धीना वखतले, त्या सांजले डबा कोनी मांगा व्हता?"

पदर स्तब्ध झाला.

"त्यास्नी नाइट शिफ्ट व्हती. माले उलट्या व्हयी राहिंत्यात, मी पडेल व्हती. भेंड्या आनीसन मना हातमा कोनी दिन्यात? ऊठ, पोऱ्या उपाशी जाई, आसं कोन म्हने?"

"मंग काय पोऱ्याले उपाशी धाडती?" पदराआडून आवाज फुटला. "शिफ्टना टाईम व्हई गयथा! लूम थोडी गिऱ्हान पाळस!"

आपण काय बोललो हे जिजींना आमच्या सगळ्यांनंतर कळले असावे. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एवढी वर्षे त्या ही हकीकत ऐकत होत्या, पण भेंड्या त्या घरात जिजींच्या हुकमावाचून चिरल्या गेल्या असतील, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटायचे कारणच नव्हते. आणि तरी कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

"लूम पाळस नही," मनीषा शांतपणे म्हणाली. "मंग मी काबर पाळू?"

तिने पुढची भेंडी घेतली.

"मम्मी! आला!" रिद्धी कठड्यावर वाकली होती. दूरच्या घरांच्या कडेवर, धुरात विरघळल्यासारखा, चंद्र होता. खालून भरलेला. वरच्या अंगाला, जरा उजवीकडे, कोणी बोट दाबून मऊ मेण काढून घ्यावे तसा तुकडा गेलेला. रिद्धीने आपल्या ओठाच्या उजव्या बाजूला बोट लावले.

"माझ्यासारखाच आहे. सेम टु सेम."

मनीषाने सुरी खाली ठेवली आणि तिला जवळ घेतले. आम्ही सगळ्या पाहत राहिलो. उजेड ओसरत गेला तसा चंद्र पिवळा, मग सोनेरी होत गेला आणि तो तुकडा कडेकडेने भरत आला. नेमका कोणत्या क्षणी तो पूर्ण झाला हे कोणालाच सांगता आले नसते.

जिजींनी तो पाहिला नाही. तोंड झाकलेलेच ठेवून, भिंत चाचपत, त्या एकट्या जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशीपासून पिशव्यांची झडती बंद झाली. खुर्ची होती, त्याही होत्या, पण कोणी पिशवी उघडून थांबले तर त्या तोंड फिरवत. मनीषाशी त्यांनी बोलणे टाकले. फक्त तिच्या पोटाकडे पाहत. ती नजर मी विसरणार नाही. आपण हरावे की जिंकावे, हे ज्याला ठरवता येत नाही त्याची ती नजर होती. नातू धड जन्मला तर त्यांचे आयुष्यभराचे शास्त्र खोटे, आणि तसा न जन्मला तर त्यांचे शब्द खरे. काही दिवस तरी त्यांनी दुसरी गोष्ट मागितली असेल, असे मला तेव्हा वाटे. मी त्यांच्याबद्दल इतके वाईट चिंतू शकत होते.

मुलगा झाला. ओठ गुलाबी आणि सलग. इस्पितळात जिजींनी करंगळी त्याच्या वरच्या ओठावरून पुन्हा पुन्हा फिरवली, आत घालून टाळूही चाचपला, आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

बारशाला सगळी इमारत जमली. त्याच बायका, त्याच श्रोत्या. मनीषा नऊवारी नेसली होती. तिची पाठ ताठ होती. पाळण्याची दोरी जिजींच्या हातात देऊन ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जिजी, आते सांगा यास्ले. रिद्धीना वखतले मी काही करं नव्हतं."

तिने मागितले होते तेच, तेवढेच. घुगऱ्या वाटणाऱ्या बायकांनी जिजींकडे पाहिले. संजयनेही, जो आयुष्यभर जमिनीकडे पाहत आला होता, मान वर केली.

जिजींनी दोरी ओढली. पाळणा हलला.

"त्या सांजपासून मी जप कया," त्या बायकांना म्हणाल्या. "येक येळ जेवनी. म्हनीसन हाऊ वाचना. नही तं हिनी काय ठेवं व्हतं? पन माले कोन इचारस!"

कोणीतरी हुंकार भरला. कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मनीषाने पाळण्यातून मूल उचलले आणि आत गेली. संजयला कडोदऱ्याच्या एका कारखान्यात काम मिळत होते, ते त्याने त्याच महिन्यात घेतले. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा जिजी खुर्चीवर होत्या. "चला," असे त्यांना संजय म्हणाला. मनीषा म्हणाली नाही. त्या गेल्या नाहीत. दर महिन्याला तो भेटायला येई, कधी रिद्धीला घेऊन. मनीषा आली नाही.

त्यानंतर खग्रास ग्रहण आले ते भाद्रपदातल्या पौर्णिमेला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. इमारतीची सगळी मुले गच्चीवर चटया टाकून उताणी पडली होती. असे ग्रहण पाहायचे तर मान अवघडू द्यायची नाही, आडवे व्हायचे आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. ढगांच्या फटीतून चंद्र येत-जात होता. डावीकडून खालून सुरू झालेली सावली त्याला हळूहळू झाकत गेली, आणि पूर्ण झाकल्यावर तो काळा न होता विझत्या निखाऱ्यासारखा तांबडा झाला. मी पाणी आणायला खाली उतरले, तेव्हा तळमजल्याच्या दाराआडून हाक आली.

"बाई. फोन लाव मनीषाले."

दार बोटभर उघडे होते. आत दिवा नव्हता. मिसरीचा आणि गेरूचा वास आला. त्या फार वाळल्या होत्या. पदर पुढे ओढलेला, फक्त तोंडाचा आणि हनुवटीचा भाग दिसत होता. मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि जिजींना बोलायचे आहे एवढे सांगून फोन फटीतून आत दिला.

"हॅलो, जिजी?" रिद्धी होती. मागे मुलांचा गलबला, कुठेतरी लूमची खटखट. "जिजी, आम्ही अगासीवर आहोत. एकदम लाल झालाय! कान्हा त्याला बॉल म्हणतोय. तू बघितलास?"

जिजी ऐकत राहिल्या. श्वास घशात खरखरत होता. मग म्हणाल्या, "तुनी मायले दे."

पलीकडे कुजबुज झाली. मग मनीषा आली. "बोला."

मी जिन्यात उभी होते. पाण्याची कळशी माझ्या हातात होती आणि ती खाली ठेवायचे मला सुचत नव्हते. इतक्या द्वेषानंतर मी त्या बाईच्या ओठांकडे असे पाहत होते, जणू ते माझ्याशीच बोलणार होते. ते हलले. एकदा उघडले, मिटले. जीभ त्यांवरून फिरली. पुन्हा उघडले.

"पोऱ्याले टोपी घाल," जिजी म्हणाल्या. "वारा शे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. दार लागले, कडी आतून सरकली. त्याच वर्षीच्या थंडीत त्या वारल्या. माझ्या डोळ्यांपुढचे त्यांचे शेवटचे रूप म्हणजे त्या फटीतली ती हनुवटी.

फोन चालूच होता. पलीकडून मनीषाचा आवाज येत होता, घाईचा नाही, रागाचाही नाही, नुसता आणखी काही ऐकायला थांबलेला.

"हॅलो? जिजी? आखो काही?"

मी बंद दाराकडे पाहिले. "मी बोलतेय, मनीषा," मी म्हणाले. "नाही. त्यांनी दार लावून घेतलं."